२०१९ : यादीत न आलेला पाऊस

हवामानाच्या दृष्टीने २०१९ हे वर्ष महाराष्ट्राला कसे गेले, हा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वाटेनेच जाते. सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर चढलेली कृष्णा, पंचगंगेने वेढलेले कोल्हापूर, मालाडची कोसळलेली भिंत, फुटलेले तिवरे धरण, वांगणीजवळ पुरात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस, आंबिल ओढ्याने पुण्यात एका रात्रीत घेतलेले बळी, अशी नावे एकामागून एक येतात आणि मग दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे, हा सगळा हवामानबदलाचा परिणाम आहे. दुसऱ्याचे म्हणणे, पाऊस आभाळातून पडला असला तरी पूर माणसाने आणला. धरणांतून पाणी सोडायला उशीर झाला, पूररेषेच्या आत इमारती उभ्या राहिल्या, ओढे बुजवले गेले. दोन्ही तटांकडे तथ्य आहे. परंतु ज्या यादीवरून ते भांडतात ती यादी कोणत्या कसोटीवर तयार झाली, हे कोणीच विचारत नाही. या वादातली खरी उणीव मला तिथे दिसते.

माझे मत असे की, त्या वर्षातली महाराष्ट्रातली सर्वांत महत्त्वाची हवामानघटना त्या यादीत नाहीच. ती होती ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत पडलेला पाऊस. देशभर गाजावा असा चोवीस तासांचा विक्रम त्या पावसाने मोडला नाही. बोटी, हेलिकॉप्टर, गच्चीवर अडकलेली माणसे अशी त्याची छायाचित्रे नाहीत. तरीही नोव्हेंबरच्या सुरुवातीला सरकारनेच दिलेल्या प्राथमिक अंदाजानुसार ३२५ तालुक्यांतील सुमारे ५४ लाख हेक्टरवरची पिके त्याने हातची घालवली. राज्यात तालुके साडेतीनशेच्या आसपास आहेत, हे लक्षात घेतले तर या पावसाने सोडलेला भाग किती उरतो ते कळते. महापुराने चार-पाच जिल्हे उद्ध्वस्त केले; या पावसाने जवळजवळ अख्ख्या ग्रामीण महाराष्ट्राचे वर्ष पुसून टाकले. घटनेचे महत्त्व तिच्या आकारावरून ठरवायचे की ती कोणत्या दिवशी, कोणाच्या हाताशी आलेल्या कशावर येऊन पडली यावरून, हा इथला प्रश्न आहे.

ते वर्ष क्रमाने आठवले पाहिजे. ऑक्टोबर २०१८ अखेर सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. २०१९चा उन्हाळा चारा छावण्यांत आणि टँकरच्या रांगांत गेला. जूनमध्ये राज्यात सहा हजारांच्या आसपास टँकर धावत होते. मोसमी पाऊस केरळात ८ जूनला आला आणि मुंबईला पोचायला २५ जून उजाडला. देशभरात जून महिन्याची तूट एक तृतीयांश होती. त्यानंतर आठवडाभरात, १ आणि २ जुलैच्या दरम्यान, सांताक्रूझला चोवीस तासांत ३७५ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच रात्रींत मालाड आणि तिवरे घडले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीच्या रस्त्यांवरून बोटी फिरत असताना औरंगाबादेत कृत्रिम पावसासाठी विमान उडवले जात होते, आणि हे एकाच राज्यात, एकाच आठवड्यात चालले होते. जायकवाडी भरले ते नाशिककडच्या पाण्याने. मराठवाड्याच्या स्वतःच्या शिवारात हंगामाची सरासरी थोडी कमीच राहिली. तरीही सप्टेंबरच्या पावसाने तिथल्या सोयाबीनला हात दिला. दोन वर्षांची ओढाताण सोसलेल्या घरांना ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, बऱ्याच काळानंतर, पीक दिसत होते. पुढचा पाऊस या घरांवर पडला.

सोयाबीन कापून झाले की ते शेतातच गोळा करून गंजी लावतात, वर ताडपत्री टाकतात आणि मळणी यंत्राच्या पाळीची वाट पाहतात. दिवाळीच्या तोंडावर एकच यंत्र चार-पाच गावांत फिरत असते, त्यामुळे ही वाट कधी आठवड्याची, कधी त्याहून अधिक दिवसांची होते. ताडपत्री वरून येणारे पाणी अडवते. जमिनीवरून वाहत येऊन गंजीच्या बुडात शिरणारे पाणी ती अडवू शकत नाही. दोन दिवसांत गंजी आतून तापते, शेंगा काळ्या पडतात, दाण्याला शेंगेतच कोंब फुटतात आणि हात घातला की आंबूस वाफ येते. असा माल वाळवून बाजार समितीत नेला तरी ओलाव्याची १२ टक्क्यांची अट आणि डागी दाण्याचे प्रमाण पाहून हमीभाव केंद्र तो परत पाठवते आणि व्यापारी मागेल त्या दराने घेतो. कापसाची पहिली वेचणी तोंडावर असताना फुटलेल्या बोंडांतला कापूस भिजून लोंबला. बाजरीच्या आणि मक्याच्या कणसांना उभ्या पिकात कोंब आले, ज्वारी काळी पडली. कोकणात कापून आडवा ठेवलेला भात पाण्यात तरंगला. नाशिकच्या द्राक्षबागांत, जिथे लवकर छाटणी झाली होती तिथे पोंगा आणि फुलोऱ्याच्या अवस्थेत डाउनी हा बुरशीरोग आणि घडकूज आली, आणि फवारणीसाठी ट्रॅक्टर चिखलात घालता येईना. लाल कांद्याचे उभे पीक सडले आणि त्यामागून लावायच्या कांद्याची रोपेही गेली. शहरातल्या माणसाला हा पाऊस कळला तो शंभर रुपये किलोच्या कांद्याच्या रूपाने आणि तुर्कस्तानातून व इजिप्तमधून आलेल्या कांद्याच्या बातम्यांतून, तोही महिन्याभराने. त्या दोन गोष्टींचा संबंध सर्वांनी जोडला असेल असे वाटत नाही.

हे घडत असताना राज्याचे लक्ष दुसरीकडे होते, आणि हेही नोंदवायला हवे. २१ ऑक्टोबरला विधानसभेचे मतदान झाले, २४ला निकाल लागले, २७ला लक्ष्मीपूजन होते आणि त्याच दिवशी अरबी समुद्रात क्यार हे चक्रीवादळ महाचक्रीवादळाच्या तीव्रतेला पोचले. मागोमाग महा नावाचे दुसरे चक्रीवादळ आले. मुंबईत सरकार कोणाचे, यावर खल चालू राहिला आणि १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. त्या ऑक्टोबरचा पाऊस म्हटले की आज बहुतेकांना साताऱ्याच्या सभेत भिजत केलेले शरद पवारांचे भाषण आठवते. ते आठवणे स्वाभाविक आहे, कारण त्या भाषणाचे राजकीय परिणाम खरोखर झाले. परंतु त्या महिन्यातल्या पावसाची सार्वजनिक स्मृतीत उरलेली एकमेव खूण ती असावी, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

यादी हा पाऊस का पकडू शकली नाही, याचे उत्तर कोणाच्या दुष्टाव्यात नाही, मोजमापाच्या चौकटीत आहे. आपल्याकडे पावसाळ्याचा हिशोब १ जून ते ३० सप्टेंबर असा होतो. २०१९चा तो हिशोब दीर्घकालीन सरासरीच्या ११० टक्के असा बंद झाला, १९९४ नंतरचा सर्वाधिक, आणि ती बातमी चांगली बातमी म्हणून छापली गेली. ऑक्टोबरचा पाऊस त्यानंतरच्या रकान्यात गेला. वास्तविक त्या वर्षी मोसमी वाऱ्यांनी परतायला सुरुवातच ९ ऑक्टोबरला केली होती, नोंदी ठेवायला लागल्यापासूनची सर्वांत उशिराची. दुसरी चौकट चोवीस तासांची. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ एवढ्या वेळात पर्जन्यमापकात किती पाणी साचले, हा आपला मापदंड आहे. सलग दहा दिवस रोज वीस-तीस मिलिमीटर पडून कापलेले पीक सडले तर त्यातला एकही दिवस नोंदण्यासारखा ठरत नाही. तिसरी चौकट किनाऱ्याची. चक्रीवादळ जिथे धडकते तिथली ती घटना. क्यार पश्चिमेकडे ओमानच्या दिशेने वळून समुद्रातच विरले, महा गुजरातजवळ येऊन समुद्रातच ओसरले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दोन्ही धडकली नाहीत, म्हणून महाराष्ट्राच्या यादीत दोन्ही नाहीत. त्या वर्षी अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली, १९०२च्या विक्रमाची बरोबरी झाली, हे वाक्य सर्व आढाव्यांत सापडते. त्यांनी किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत ओढून आणलेल्या बाष्पाचे काय झाले, हे वाक्य सापडत नाही.

आता माझ्या म्हणण्यावरचे आक्षेप. पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप हा की, माणसाच्या जिवापुढे पिकाचे नुकसान ठेवणेच अनुचित आहे. महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून बुडालेली माणसे, मालाडच्या झोपड्यांत झोपेत गाडली गेलेली मुले, तिवऱ्यातली वाहून गेलेली घरे यांच्या तुलनेत कुजलेले सोयाबीन कसे मांडायचे? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, इतका की मृत्यू आणि नुकसान यांचा एकमेकांशी हिशोब कोणी करू नये असेच मी म्हणेन. पण मग यादी करणारेही तो हिशोब करत नसतात, हे मान्य केले पाहिजे. हवामान विभागाच्या वार्षिक आढाव्यानुसार २०१९ मध्ये देशात वीज पडून सुमारे ३८० माणसे गेली. त्यांतली बहुतेक उघड्या शेतात, झाडाखाली, एकेकटी किंवा दोघे-तिघे अशी गेली. या मृत्यूंपैकी एक तरी कोणाच्या लक्षात आहे काय? मृत्यूच जर कसोटी असेल तर वीज यादीच्या वरच्या भागात हवी होती. प्रत्यक्षात यादी चालते ती एका ठिकाणी, एका वेळी, दिसेल असा मृत्यू झाला की नाही यावर. महसूल खात्याच्या नोंदींत नोव्हेंबर २०१९ या एका महिन्यात राज्यातल्या शेतकरी आत्महत्यांचा आकडा ३००च्या घरात होता आणि मागच्या काही वर्षांतल्या कोणत्याही महिन्याहून तो अधिक होता. त्यातली प्रत्येक आत्महत्या पावसामुळे झाली असे म्हणणे खोटे ठरेल आणि त्या घरांवर अन्यायही होईल. कर्ज, आजारपण, आधीच्या वर्षांचा दुष्काळ ही सगळी कारणे त्यांत गुंतलेली असतात. पण ऑक्टोबरच्या पावसात कोणी मेले नाही, असे सहजपणे म्हणण्याचा अधिकार तरी त्या आकड्यानंतर उरत नाही.

दुसरा आक्षेप शास्त्राच्या बाजूने येतो. यादीला काहीतरी वस्तुनिष्ठ आधार हवा. मिलिमीटर, वाऱ्याचा वेग, नदीची पातळी मोजता येते, शेतकऱ्याचे दुःख मोजता येत नाही. विक्रमांची नोंद ठेवली नाही तर हवामान बदलते आहे की नाही हे तरी कशावरून ठरवणार? हेही खरे आहे, आणि विक्रमांच्या नोंदी थांबवा असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. मात्र विक्रम ढगाविषयी सांगतो. तो ढग कोणावर बरसला हे सांगत नाही, आणि सांगण्याचा त्याचा हेतूही नसतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या पर्जन्यमापकात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला ७३. दोन्ही आकडे वस्तुनिष्ठ आहेत. त्यांतला कुठला आकडा मुंबईचा म्हणायचा, हे ठरवताना आपण माणसांकडे पाहिलेच ना? शिवाय तारीखही तितकीच वस्तुनिष्ठ असते. १० जुलैला पडलेला ४० मिलिमीटर पाऊस आणि २५ ऑक्टोबरला पडलेला ४० मिलिमीटर पाऊस यांत पर्जन्यमापकाला फरक दिसत नाही, पण त्या दोन तारखांना जमिनीवर कोणते पीक कोणत्या अवस्थेत होते हे कृषी विभागाच्या पेरणी-काढणीच्या अहवालांत लिहिलेले असते. ती माहिती उपलब्ध असताना ती बाजूला ठेवून केवळ मिलिमीटर मोजणे ही निवड आहे. तिला वस्तुनिष्ठता म्हणता येणार नाही.

ही निवड आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी एकदा फार महाग पडली होती. १८६४ मध्ये कलकत्त्यावर चक्रीवादळ आदळले, बंदरातली जहाजे फुटली, हजारो माणसे मेली. वर्षभरात त्या बंदरासाठी वादळाचा इशारा देण्याची व्यवस्था सुरू झाली. दोनच वर्षांनी शेजारच्या ओरिसात पाऊस वेळेआधी संपल्यामुळे दुष्काळ पडला आणि सुमारे दहा लाख माणसे अन्नावाचून गेली. कलकत्त्याच्या सरकारला त्याची तीव्रता समजली तेव्हा पावसाळा सुरू होऊन धान्याची जहाजे किनाऱ्याला लागणे अवघड झाले होते. वादळ बंदरात दिसले होते. पावसाचे सप्टेंबरमध्येच थांबणे कोणाला दिसले नव्हते. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला तो या दोन्ही प्रकारच्या संकटांच्या आठवणीतून, नुसत्या वादळाच्या नव्हे. लगेच पुढच्या वर्षी दख्खनेत दुष्काळ आला. त्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली, कारण सरकारी कागदांत जे उमटत होते ते आणि गावांत जे घडत होते ते यांत अंतर होते. गणेश वासुदेव जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी त्या वेळी केलेले काम हे एका अर्थाने यादी दुरुस्त करण्याचेच होते. १८८०चा दुष्काळ आयोग आणि त्यातून आलेली दुष्काळ संहिता ही पुढची पायरी. १९७२च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. सावकाश येणाऱ्या संकटाला प्रशासनाच्या नजरेत जागा मिळवून द्यायला शंभर वर्षे लागली, पण कोरड्या दुष्काळाला ती अखेर मिळाली.

तिसरा आक्षेप शेतीतल्या जाणकारांकडून ऐकू येतो, आणि तो मला सर्वांत विचार करायला लावतो. ऑक्टोबरच्या पावसाने खरिपाचे नुकसान केले, पण त्याच पावसाने विहिरी भरल्या, जमिनीत ओल राहिली, हरभऱ्याचा पेरा वाढला, आणि २०२०च्या उन्हाळ्यात टँकरची ती रांग दिसली नाही. एका हाताने नेले आणि दुसऱ्या हाताने दिले, मग ही आपत्ती कशी? यातले प्रत्येक विधान बरोबर आहे. पण ज्याच्या हातून गेले त्याच्याच हातात आले काय? रब्बीची पेरणी करायला बियाणे लागते, खत लागते, नांगरटीला ट्रॅक्टर लागतो, आणि हा पैसा बहुतेक कोरडवाहू घरांत खरिपाच्या विक्रीतून येतो. सोयाबीन उकिरड्यावर टाकलेल्या माणसाला त्या नोव्हेंबरमध्ये हरभऱ्याचे बियाणे उधारीवर घ्यावे लागले किंवा शेत पडीक ठेवावे लागले. मजुरीवर जगणाऱ्यांची तर सोंगणी, वेचणी आणि मळणीची कामेच बुडाली आणि त्यांना भरलेल्या विहिरीचा उपयोग नव्हता. राज्याची बेरीज बरोबर जमली म्हणून घराची बेरीज जमते असे नाही.

चौथा आक्षेप असा की, हा हवामानाचा प्रश्नच नाही. मळणी यंत्रे पुरेशी नाहीत, गोदामे नाहीत, वाळवणीची सोय नाही, विमा कंपन्या दाद देत नाहीत, हे शेतीव्यवस्थेचे दोष आहेत. असतील, आणि आहेतच. पण या न्यायाने सांगलीचा पूर पूररेषेतल्या बांधकामांचा प्रश्न ठरतो, मुंबईची तुंबई नाल्यांचा आणि मिठीचा, तिवरे धरणाच्या देखभालीचा, आणि यादीत हवामान नावाचे काही उरतच नाही. महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने पुराला कर्नाटकातले अलमट्टी धरण कारणीभूत नसल्याचे सांगितले, तरीही वाद चालू राहिला, आणि त्या वादात कोणीही असे म्हटले नाही की हा विषय हवामानाचा नाही म्हणून तो सोडून द्या. मग हा नियम फक्त शेतातल्या पावसालाच का लावायचा?

यादीत कोण आहे आणि कोण नाही, ही गोष्ट केवळ आढावा लिहिणाऱ्यांच्या आवडीनिवडीची असती तर मी इतके लिहिले नसते. यादीत आलेल्या घटनेच्या मागोमाग यंत्रणा उभी राहते. ओडिशात १९९९च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली आणि त्याच वर्षी त्या राज्याने स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केले. वीस वर्षांनी, ३ मे २०१९ला, फनी पुरीजवळ धडकले तेव्हा त्याआधी बारा लाखांच्या आसपास माणसे हलवलेली होती आणि मृतांचा आकडा ६४ राहिला. मुंबईत २००५च्या पावसानंतर मिठीसाठी समिती बसली आणि डॉप्लर रडार आले, देशात आपत्ती व्यवस्थापन कायदाही त्याच वर्षी झाला. उलट ऑक्टोबर २०१९च्या पावसाने महाराष्ट्राला काय दिले? १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८ हजार आणि फळबागांसाठी हेक्टरी १८ हजार रुपये, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत, अशी मदत जाहीर केली. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,७१० रुपये होता. म्हणजे एका हेक्टरच्या संपूर्ण नुकसानीपोटी मिळाले ते सव्वादोन क्विंटलपेक्षाही कमी सोयाबीनचे मोल. पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघे यायचे, ते निवडणुकीच्या कामातून नुकतेच सुटलेले. त्या वेळच्या पीक विम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे आणि कापून शेतात सुकायला पसरलेल्या पिकाला कापणीपासून १४ दिवसांपर्यंतच संरक्षण होते. सलग पाऊस चालू असताना, वीज आणि मोबाइलचे नेटवर्क गेलेल्या गावात, गंजी नेमकी कोणत्या दिवशी खराब झाली हे शेतकऱ्याने कसे सांगायचे? हे सर्व नियम एका दिवसात घडून संपणाऱ्या घटनेसाठी लिहिलेले होते.

कोरड्या दुष्काळाची आजची कसोटी पाहिली तर ही अडचण अधिक उघड होते. २०१६च्या दुष्काळ संहितेत पावसाची तूट, जमिनीतली ओल, उपग्रहातून दिसणारी हिरवळ, जलसाठे असे निकष आहेत. ऑक्टोबर २०१९च्या अखेरीस उद्ध्वस्त झालेल्या गावाला हे निकष लावले असते तर पाऊस भरपूर, ओल भरपूर, बांधापर्यंत गवत हिरवेगार आणि तलाव भरलेले, असे उत्तर आले असते. अतिवृष्टीच्या मदतीसाठी महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस लागतो. तोही पुष्कळ ठिकाणी एका दिवसात झाला नाही. त्यामुळे ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ ही मागणी दरवर्षी उठते आणि नियमांत तसे काही नाही या उत्तरावर येऊन थांबते. सरकार निर्दय असते म्हणून असे होते, असे मी म्हणत नाही. ज्या आपत्तीला नोंदवहीत रकानाच नाही तिला मदत देताना प्रत्येक वेळी अपवाद करावा लागतो, आणि अपवाद म्हणून मिळालेल्या मदतीवर कोणी पुढच्या वर्षाचे नियोजन करू शकत नाही.

हा पाऊस एकदाच येऊन गेला असता तर त्याला दुर्दैव म्हणून सोडून देता आले असते. पण २०२०च्या ऑक्टोबरात सोलापूर-पंढरपूर भागात तेच झाले. २०२१च्या सप्टेंबरअखेरीस बंगालच्या उपसागरातून आलेल्या गुलाब चक्रीवादळाच्या उरलेल्या पावसाने मराठवाडा धुऊन नेला. २०२२चा ऑक्टोबर पुन्हा भिजला. २०२५च्या सप्टेंबरात सीना नदीने सोलापूर आणि धाराशिवमध्ये पिकांबरोबर जमिनीची मातीही नेली. हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या परतीच्या तारखाच पुढे नेल्या. राजस्थानातून परतीची सुरुवात १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबर धरली जाऊ लागली. म्हणजे सोयाबीनच्या काढणीचे दिवस आणि पावसाचे दिवस एकमेकांवर येत चालले आहेत, याची कबुली अधिकृत दिनदर्शिकेतच आहे. एप्रिल २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सततचा पाऊस ही नैसर्गिक आपत्ती म्हणून मान्य केली. निर्णय चांगला होता आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. मात्र तो पावसाळ्याच्या मधल्या पावसाला अधिक लागू पडतो. दिवाळीच्या आठवड्यात कापलेल्या पिकावर पडणाऱ्या पावसाचा प्रश्न त्याने पूर्ण सुटत नाही.

त्यासाठी नवे काही शोधून काढण्याची गरज नाही. २०१७ पासून महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत आणि ती दर काही मिनिटांची नोंद देतात. हवामान विभाग आणि कृषी विद्यापीठे दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हावार कृषी हवामान सल्ला काढतात, त्यात पीक कोणत्या अवस्थेत आहे हे लिहिलेले असते. ही दोन कागदपत्रे शेजारी ठेवून वर्षाच्या शेवटी प्रत्येक मंडळासाठी एवढेच काढावे की काढणीच्या पंधरा दिवसांत किती दिवस पाऊस झाला, आणि तो आकडा वार्षिक आढाव्यात चोवीस तासांच्या विक्रमाइतक्याच ठळकपणे छापावा. विम्याची आणि मदतीची अट त्या आकड्याशी जोडावी, म्हणजे २०१९ सारखे ७२ तासांत सूचना देण्याचे आणि दिवस सिद्ध करण्याचे ओझे शेतकऱ्याच्या डोक्यावर येणार नाही. २०१९च्या नोंदी अजून उपलब्ध आहेत. ही पद्धत प्रथम त्याच वर्षाला लावून पाहावी, आणि त्या वर्षाच्या आढाव्यात सांगली-कोल्हापूरच्या खाली ५४ लाख हेक्टरची ती ओळ आता तरी घालावी.